पुठ्ठ्यात गेलेली गोष्ट

मित्रांनो, पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात दोन जाड फळ्या, मध्ये लोखंडी आटे आणि वर फिरवायचे चाक असे एक धूड असते. त्याला शिकंजा म्हणतात, आणि तो मी. मी जुना आहे, हे माझ्या फळ्यांवरच्या खळीच्या थरांवरून कुणालाही कळेल. आज मी धुळ्यातल्या एका दुकानाच्या कोपऱ्यात उभा आहे आणि माझ्या डोक्यावर मोरचुदाचा डबा, दोन फुटके दिवे आणि कुणाची तरी छत्री आहे. त्याचे मला काही वाटत नाही. मला फारसे काही वाटतच नाही. मला दाब तेवढा कळतो.

माझा जन्म १९११ सालचा. वना सुताराने सातपुड्यातला साग आणून माझ्या फळ्या तासल्या, आटे लोहाराकडून पाडून घेतले आणि मला बाजारात उभे केले. पंडित नावाच्या तरुणाने मला उचलले. तो शेतकऱ्याच्या घरातला, पण नांगरापेक्षा पुस्तकात जीव रमणारा. त्याच्याकडे मी कोर्टाची दप्तरे दाबली, शाळांची हजेरीपुस्तके दाबली, पोथ्या दाबल्या. एकदा कचेरीतल्या एका साहेबाने पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवून म्हटले होते की असे सरळ काम त्याने पुण्यातही पाहिले नाही. पंडितने ते वाक्य वर्षभर गिऱ्हाइकांना ऐकवले. काम मी केले होते, पण ते असो.

पुढे पंडितची बहीण तानुबाई दुकानात आली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा तिला माहेरी सोडून गेला, आठ दिवसांनी नेतो म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही. पंडितनेच तिला लहानपणी अक्षरे शिकवली होती. आता तो फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायचा, ती खळ शिजवायची, आणि हात रिकामे असले की त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. वाचायचे काय, तर 'तारकनौका'.

मुंबईच्या एका मासिकात ही शास्त्रीय अद्भुतकथा दर महिन्याला येई. सतरा जणांची एक नौका आकाशात जाते, चंद्रावर उतरते, मंगळावर लढते, अशी ती लांबलचक गोष्ट सात वर्षे चालली. पंडित तिच्यासाठी वेडा होता. अंक यायच्या दिवशी तो पुना नावाच्या पोस्टमनची वाट पाहत दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा. नौकेला अकरा खिडक्या आहेत, कप्तानाचा डावा अंगठा दुसऱ्या प्रकरणात तुटला आहे, यंत्रशाळेचे दार आतल्या बाजूला उघडते, हे सगळे त्याला तोंडपाठ होते. तानुबाई वाचायची आणि महिन्याचा तुकडा संपला की पंडित सुई हातात तशीच धरून म्हणायचा, "मंग? फुडे काय व्हयनं?" जणू तिने पुढचे पदरात बांधून ठेवले आहे.

चौथ्या वर्षी गोष्टीत एक लहानसे वाक्य आले. चंद्रावरून घाईने निघताना नौकेतली स्वयंपाकीण, मथुरा, मागेच राहिली. एवढेच. पुढच्या ओळीत नौका मंगळाच्या वाटेला लागली आणि कप्तानाने दुर्बीण डोळ्याला लावली. तानुबाई त्या वाक्यापाशी थांबली, ते पुन्हा वाचले. पंडित म्हणाला, "व्हय ना फुडे." ती पुढे वाचू लागली.

मग लेखक आजारी पडले आणि मूळ गोष्ट बंद झाली. मासिकाने वाचकांना सोडायचे नाही म्हणून दुसरीच युक्ती काढली. नौकेतल्या लहानसहान पात्रांवर इतरांकडून गोष्टी मागवल्या आणि 'तारकनौकेच्या उपकथा' म्हणून पातळ, पिवळ्या कागदाची पुरवणी अंकाला जोडायला सुरुवात केली. यंत्रज्ञाचे बालपण, कप्तानाचा हरवलेला भाऊ, मंगळाच्या राजाचे लग्न. पंडितने पहिली उपकथा वाचली आणि त्याचे डोके फिरले. तिच्यात नौकेला नऊ खिडक्या होत्या, आणि कप्तानाने दोन्ही अंगठ्यांनी मिशी पिळली होती.

"मूळ गोट एकच शे," तो म्हणाला. "बाकी बठ्ठं बांडगूळ शे."

त्या दिवसापासून त्याने उपकथा वाचली नाही. दुकानात आलेल्या प्रत्येकाला मात्र तो आपले मत ऐकवायचा, आणि पुस्तकाविषयी बोलायचे म्हणजे पुस्तकी भाषेत बोलायचा. "ज्याने नौका आकाशात सोडली, तीत कोण बसले आहे हे त्यालाच ठाऊक. इतरांनी खिडकीतून डोकावू नये." गिऱ्हाइके मान डोलवायची. त्यांना आपली खातेवही हवी असायची.

आता तुम्हाला एक गोष्ट सरळ सांगतो, कारण लपवून मला काही मिळायचे नाही. पंडित पुस्तके पोचवायला बाहेर गेला की तानुबाई माझ्या वरच्या फळीवर कागद ठेवून लिहायची. टाक कुरकुरायचा, मला तेवढे कळायचे. लिहिलेले ती पाकिटात घालून पुनाच्या हाती द्यायची. पाच महिन्यांनी ते पिवळ्या पुरवणीत छापून आले: मागे राहिलेल्या मथुरेची गोष्ट. तीन पाने. खाली नाव नव्हते, 'धुळ्याची एक वाचक' एवढेच होते.

तिने तो अंक बरोबर त्या पानावर उघडून पंडितच्या बैठकीवर ठेवला. तिला त्याचे मत हवे होते. बहिणीची म्हणून त्याने कौतुक करावे असे तिला नको होते. कोणाची आहे हे ठाऊक नसताना त्याने वाचावी आणि 'फुडे काय व्हयनं' म्हणावे, एवढेच हवे होते. पंडितने अंक उचलला, पिवळा कागद पाहिला आणि मिटून रद्दीत टाकला.

"भाऊ, एक डाव तरी वाची देख," ती म्हणाली.

"कसाले?" तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला.

वर्ष संपले. मित्रांनो, मासिकाचे बारा अंक एकत्र बांधायचे तर आधी वरची कव्हरे, जाहिराती आणि पुरवण्या काढून टाकतात. ही बांधणीची रीतच आहे. आणि काढलेला कागद वाया घालवत नाहीत. खळ लावून एकावर एक चिकटवतात, शिकंज्यात दाबतात, वाळवतात, की झाला पुठ्ठा. तोच त्या पुस्तकाला लावतात. धुळे, जळगाव, सोनगीर, एदलाबाद, सगळीकडची वाचनालये आपले अंक पंडितकडेच पाठवत. त्या वर्षी सहा वाचनालयांचे सहा संच आले. पंडितने सहाही संचांतून पिवळे कागद फाडले आणि तानुबाईपुढे ढीग लोटला. खळ लावायचे काम तिचे होते.

तिने लावली. एका पानावर खळ, त्यावर दुसरे पान, त्यावर साबणाची जाहिरात, त्यावर तिसरे पान. तिचा हात कुठे थांबला नाही. सहा वेळा तिने स्वतःची गोष्ट चिकटवली, माझ्या फळ्यांमध्ये सरकवली आणि चाक फिरवले. मी दाबले. मला वाईट वाटले असे म्हणायला हवे. वाटले नाही. ओला कागद होता, दाबल्यावर कडेने थोडी खळ आली, ती तिने बोटाने पुसली.

त्यानंतर तिने वाचणे सोडले. घसा बसतो म्हणाली. पंडितने दोनदा आल्याचा काढा करून दिला, मग विचारणे सोडून दिले. चार वर्षे दुकानात माझ्या आट्यांचा आवाज तेवढा होता. तानुबाई सकाळी येई, खळ शिजवी, भाकरी खाई, संध्याकाळी जाई. ती रडली नाही, चिडली नाही, भावाशी भांडली नाही. काय हवे म्हटले की काही नको म्हणे, आणि खरोखरच तिला काही नको असे. पंडितला वाटे, बहीण शांत झाली. मला ठाऊक होते, पण मला बोलता येत नाही.

मग एका दुपारी सोनगीरहून झुलाल आला. तिथल्या वाचनालयाचे काम पाहणारा, पन्नाशीतला, उन्हाने रापलेला माणूस. काखेत आमच्याकडे बांधलेले मासिकाचे पुस्तक होते. ते त्याने माझ्यावर आपटले.

"भाऊ, आम्हनी गोट कोठे गई?" तो म्हणाला. "अंक दिधात तवय व्हती. आते नही शे."

"कोणती गोष्ट?" पंडितने विचारले.

"मथुरानी. मागे ऱ्हायनी ती. मनी अक्का आंथरुनवर पडेल शे, सुंदरअक्का. चार साल पहिले तिले मी ती वाची दाखाडी व्हती. आते रोज इचारस, मथुरानं काय व्हयनं? माले अर्धीच याद शे, ती चूल पेटाडस तठलोंग."

पंडितने सुई खाली ठेवली. मनासारखा विषय निघाला होता. "ती मूळ गोष्ट नव्हे, भाऊ. उपकथा. मूळ लेखकाने मथुरेला मागे ठेवले, विषय संपला. कुणीतरी उठावे आणि तिच्यावर पानेच्या पाने लिहावीत, याला काय अर्थ आहे? कुणी लिहिले हेसुद्धा ठाऊक नाही."

"आम्हना अक्काले लेखकसंगे काय कराना शे?" झुलाल म्हणाला. "तिले मथुरा पाहिजे."

"आणि शास्त्राचे काय?" पंडित आता चढला. "चंद्रावर हवा नाही. ती चूल पेटवते म्हणे. हवा नसता चूल कशी पेटेल?"

"नौकामा सतरा मानसे जेवेत," तानुबाई म्हणाली, "तवय कोनी इचारं नही, चूल कशी पेटस."

तिने मान वर केली नव्हती. खळीत पळी फिरत होती.

"तुले काय म्हाईत त्यामा काय शे?" पंडित म्हणाला. "ती गोट आपुन वाचीच नही."

"मनी शे ती. मीच लिखी."

हे तिने भाजी आणली म्हणावे तसे सांगितले. पंडित तिच्याकडे पाहत राहिला. झुलाल आधी भानावर आला. "मंग पानं कोठे शेतस, ताई?"

"तुम्हना हातमा," ती म्हणाली. "वरला पुठ्ठामा."

झुलालने हातातल्या पुस्तकाकडे पाहिले. पंडितने ते त्याच्याकडून घेतले, वरचा पुठ्ठा पाठीपासून कापला आणि परातीत पाणी घेऊन त्यात बुडवला. पुस्तकाची बांधणी त्याने स्वतः केलेली होती आणि ती चांगली होती. मग थर सुटू लागले. एक औषधाची जाहिरात निघाली, साबणाची निघाली, कव्हराचा तुकडा निघाला. पिवळे कागद हात लावला की लगदा होत होते. कीड लागू नये म्हणून खळीत घातलेल्या मोरचुदाने त्यांच्यावर निळे डाग पडले होते. शेवटी एक अर्धे पान शाबूत निघाले.

पंडितने ते तळहातावर घेतले आणि मोठ्याने वाचू लागला. चार वर्षांनी दुकानात कोणी वाचत होते.

"नौकेचा आवाज विरला. मथुरेने चुलीत लाकूड सरकवले आणि पीठ मळायला घेतले. सोळा माणसे विसरलेले काही न्यायला परत येतील, आणि येतील तेव्हा दमलेली असतील, असे तिला वाटले. तिला हे ठाऊक नव्हते की विसरलेले..."

तिथे कागद फाटला होता. पंडितने तो उलटून पाहिला. पाठीमागे निळा डाग होता.

"मंग?" तो म्हणाला. "फुडे काय व्हयनं?"

तानुबाईने पळी थांबवली. "आते याद नही."

ती सूड उगवत नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हते. मी तिचा चेहरा चार वर्षे रोज पाहिला होता. पंडित खाली बसला. झुलाल दाराकडे पाहू लागला. त्याला रिकाम्या हाताने सोनगीरला जायचे होते आणि तिथे एक म्हातारी विचारणार होती.

"मंग नवं सांग," पंडित म्हणाला. "तुले सुची तसं."

"मूळमा नही शे ते. चाली का?"

पंडितने डोळे पुसले. हात खळीचे होते, त्यामुळे गालाला खळ लागली. "चाली," तो म्हणाला.

झुलालने कागद माझ्या फळीवर ठेवला आणि शिसपेन्सिल काढली. तानुबाई चुलीपासून उठली नाही. तिने खळ पुन्हा ढवळायला घेतली. मला वाटले, काही यायचे नाही.

"मथुरानी सकायमा सतरा पत्रावळी मांड्यात," ती म्हणाली. "दोन्ही टाईम मांडे. रोज मांडे."

झुलाल लिहू लागला.

"मंग एक दिन सोळा उचली लिन्यात. एक ऱ्हाऊ दिधी. बठनी, आन् पोटभर जेवनी."

पंडित बहिणीकडे पाहत होता. तो म्हणाला नाही की पत्रावळी नौकेत नव्हत्या. एरवी नक्की म्हणाला असता.

त्यानंतर दुकानात रोज वाचन सुरू झाले असे सांगायला मला आवडले असते. तसे झाले नाही. तानुबाई कधी महिन्यातून एकदा वाची, कधी नाही. झुलालने पुढच्या बाजाराच्या दिवशी निरोप आणला की अक्काने गोष्ट ऐकली, 'जेवनी ना?' एवढेच विचारले आणि झोपली. तानुबाईने ऐकून घेतले आणि खळीत मोरचूद टाकला. पण त्या दिवशी तिने दोन भाकरी खाल्ल्या, एरवी एक खायची. पंडित आता फाडण्याआधी प्रत्येक कागद वाचतो, त्यामुळे कामे लांबतात आणि गिऱ्हाइके कुरकुरतात. पिवळ्या पुरवण्या तो पुस्तकाच्या शेवटी शिवून टाकतो. मंगळाच्या राजाचे लग्न अजूनही फालतू आहे असे त्याचे मत आहे, पण तेही त्याने शिवले आहे. हल्ली जाड कामे दुसऱ्या लोखंडी यंत्रावर जातात, म्हणून मी कोपऱ्यात आहे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी सांगणार नाही. मी सागाचा आहे, टिकेन. पण कधी कुणाचे लिहिलेले कागद रद्दीत घालायची वेळ आली, तर आधी वाचून पाहा, आणि जवळच कोणी गप्प बसलेले असेल तर त्यालाही विचारा. मी विचारू शकत नाही. मला वाचता येत नाही. फळ्यांमध्ये ठेवाल ते मी दाबतो, आणि चाक माझ्या हातात नसते.