शारदेची खोली आणि पत्रावळीचे यंत्र

मी पत्रावळी दाबायचे एक जुने यंत्र आहे. मित्रांनो, आज माझ्या साच्यावर गंज चढला आहे आणि पायडल एका बाजूला कलले आहे. पण मुठा खोऱ्यातल्या आठ कातकरी बायकांच्या हाताखाली मी दहा वर्षे राबले. त्या खोलीत आमच्याबरोबर आणखी एक जण होती. तिची आठवण मला अजून सोडत नाही.

१९९९ साली पुण्याच्या एका कारखान्यात मी तयार झाले. एका संस्थेने तेव्हा गावाशी बोलणी केली होती. यंत्र संस्थेने द्यायचे, जागा गावाने द्यायची आणि देवीच्या भंडाऱ्याच्या पत्रावळी गावाने कातकरी बायकांकडूनच घ्यायच्या. त्या बायका आजवर कोळशाच्या भट्टीवर, नाहीतर दुसऱ्यांच्या भातखाचरात राबत आल्या होत्या. आता त्यांचा स्वतःचा धंदा होणार होता. संस्थेचे एकनाथ सर मला टेम्पोतून घेऊन आले आणि दर महिन्याला येईन, असे त्यांनी बायकांना सांगितले.

जागा दिली दादासाहेबांनी. गावात सर्वांत जास्त जमीन त्यांची. विहिरीजवळची कौलारू खोली त्यांनी उघडून दिली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या खोलीत गावातले कुणी कांदेसुद्धा ठेवत नव्हते, हे कुणी सांगितले नाही.

मला ते पहिल्याच संध्याकाळी कळले. बायका घरी गेल्या आणि कोपऱ्यातून खोकला ऐकू आला. कोरडा, पदरात दाबून धरलेला. खोलीत तर कुणीच नव्हते.

आठवड्याभरात बायकांनीही तो ऐकला. तिघी यायच्या थांबल्या. मग विहिरीवर कुणीतरी गोजराबाईंना खरे काय ते सांगितले. त्या या बायकांच्या गटाच्या प्रमुख. दादासाहेबांच्या धाकट्या मुलीला, शारदेला, क्षय झाला तेव्हा तिला घरातून काढून या खोलीत ठेवले होते. जेवणाचे ताट उंबऱ्याबाहेर ठेवून माणसे निघून जात. ती इथेच गेली. जवळ कुणी नव्हते.

गोजराबाईंनी सगळ्या बायकांना गोळा केले. "आपल्याला बी कोन घरात घेत न्हाई. तिला तर तिच्याच घरात घेतलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग तिला भ्यायचं कशाला?"

त्या दिवसापासून सकाळची पहिली पत्रावळ त्या कोपऱ्यात मांडू लागल्या आणि तिच्यावर आपल्यातला भाकरीचा तुकडा ठेवू लागल्या. खोकला थांबला नाही. पण गेलेल्या तिघी परत आल्या. पळसाची पाने धुवायची, एकावर एक लावायची, माझ्या विजेवर तापलेल्या साच्यात ठेवून पायडल दाबायचे, असे काम सुरू झाले.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी दादासाहेब पत्रावळी बघायला आले. कोपऱ्यातले पान त्यांना दिसले. ते कुणासाठी, असे त्यांनी विचारले.

"शारदाताईंचं हाय," गोजराबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खोकला आला. दादासाहेबांनी दाराची चौकट धरली. त्यांनी तो ऐकला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मग पत्रावळी न बघताच ते निघून गेले.

भंडाऱ्यात काय झाले ते मी बायकांच्या तोंडून ऐकले. पंगत बसली, पण पुष्कळांनी घरून ताटे आणली होती. कातकऱ्यांच्या हातच्या पानावर जेवायला कुणी तयार नव्हते. चारशे पत्रावळी तशाच पडून होत्या. मग दादासाहेब उठले. आपले ताट त्यांनी बाजूला सारले, एक पत्रावळ स्वतः उचलून आणली आणि म्हणाले, "मला हिच्यात वाढा." हळूहळू पंगतीतली ताटे मागे गेली.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. लग्ने, बारशी, पौडचा बाजार. साचा थंड व्हायला वेळ मिळत नसे. माझे कौतुक करायला पाहुणे येत. नंतर थर्माकोलची ताटे आली. संस्था दुसऱ्या तालुक्यात काम करू लागली आणि एकनाथ सरांचे येणे थांबले. दादासाहेब वारले. पुण्याजवळच्या भूगावकडून बंगले बांधायचे वारे खोऱ्यात शिरले, तशी त्यांच्या मुलांनी विहिरीसकट जमीन विकली.

२००९ मध्ये खोली पाडायला जेसीबी आला. आठ जणींनी मला बांबूला बांधून खांद्यावर घेतले. दारातून बाहेर पडताना गोजराबाई मागे वळल्या आणि रिकाम्या खोलीत बघून म्हणाल्या, "शारदाताई, चला. हितं आता कोन ऱ्हानार न्हाई. आमच्या वाडीवर या."

आमच्यामागे भिंत कोसळल्याचा आवाज झाला.

आता मी वाडीवर गोजराबाईंच्या झोपडीत आहे. तो खोकला मला पुन्हा ऐकू आला नाही. ती आपल्याबरोबर आली आणि बरी झाली, असे गोजराबाई म्हणतात. मला तशी खात्री वाटत नाही. ती त्या विटामातीखाली पुन्हा एकटीच राहिली असेल, या विचाराने मी अस्वस्थ होते.

वाडीवर वीज नाही, म्हणून माझा साचा तापत नाही. विजेचा खांब नव्या बंगल्यांपर्यंत आला आहे, इथून दोनशे पावलांवर. गोजराबाई दर सोमवारी विजेसाठी अर्ज घेऊन कचेरीत जातात आणि संध्याकाळी पायी परत येतात. मित्रांनो, कुणाच्या धंद्याला साथ देण्याचा शब्द दिलात, तर यंत्र उतरवून आणि फोटो काढून निघून जाऊ नका. साचा तापतो की नाही, ते बघायला पुन्हा या.