महिलांची सोय

बाजाराला निघण्याआधी थोरली नळाशी जायची, तोंडात पाणी घ्यायची, गालांत चांगलं खुळखुळवायची आणि थुंकून टाकायची. घसा ओला झाला असं वाटेपर्यंत हे चालायचं, पण एक थेंब ती खाली उतरू द्यायची नाही. मग हाताने तोंड पुसून लिंबं-मिरच्यांची टोपली उचलायची आणि पाण्याशी दिवसभरासाठी काडीमोड घ्यायची.

"नुसत्या चुळा भर, गिळू नको," हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. सासूला तिच्या सासूने. बाजारात बसणाऱ्या सगळ्या बायकांची हीच रीत होती, आणि त्यांत ही सगळ्यात जुनी, म्हणून थोरली. भरलेली बाटली प्रत्येकीजवळ असायची. ऊन फार तापलं की घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि मागच्या गटारीत सोडायचा. नवी सून टोपली घेऊन आली की तिला मालाचे भाव सांगण्याआधी हे सांगायचं. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बाजाराच्या फाटकाशी पुरुषांसाठी आडोसा होता. जिथे आडोसा नव्हता तिथे भिंत होती, आणि पुरुषाला भिंत कधी नाही म्हणत नाही. बायकांसाठी पूर्वी मागचं मोकळं मैदान होतं. पालिकेने तिथे दुमजली गाळे बांधले, तेव्हापासून बायका अंधार पडून घरी जाईपर्यंत धरून बसायच्या. बसायच्या तरी कसलं म्हणायचं! दुपार उलटली की मांडी बदलायच्या, उकिडव्या व्हायच्या, उगाचच उठून टोपल्या इकडच्या तिकडे करायच्या आणि भाव विचारणाऱ्यावर वसकन ओरडायच्या. गावात सगळे म्हणायचे, बाजारातल्या बायका भारी तोंडाळ.

थोरलीची लेक मात्र नगरपालिकेची सदस्य होती. तिचं शिवणकामाचं दुकान होतं, गळ्यात कायम मोजायची टेप लटकलेली असायची आणि सगळं गाव तिला ताई म्हणायचं, तिच्या बापाच्या वयाची माणसंसुद्धा. निवडून कशी आली, तर अर्ध्या गावाच्या पोटाची मापं तिला पाठ होती, त्यामुळे तिच्यापुढे छाती फुगवायची कुणाची टाप नव्हती. आईने बाजार सोडून घरी बसावं असं तिने सुचवून पाहिलं होतं. "घरी बसून काय तुझ्या चिंध्या मोजू?" असं म्हणून थोरलीने तो विषय संपवला होता.

आणि एका दुपारी थोरली तराजूवरच कोसळली. अंगात ताप, दातावर दात वाजताहेत. शेजारणींनी दवाखान्यात नेलं. ताई धावत पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "लघवीला जळजळ कधीपासून होतेय?"

"असते तशीच," थोरली म्हणाली.

"असते तशीच म्हणजे?"

"म्हणजे असतेच की. सगळ्यांनाच असते."

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे पाहिलं. मग तिला बाजूला घेऊन सांगितलं की यावेळी औषधावर निभावलंय, पण असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. त्यांना दिवसभर भरपूर पाणी प्यायला हवं. थोरलीनेही आतून ऐकलं आणि "हो, पिते की," असं इतक्या शहाण्यासारखं म्हणाली की ताईला तिथेच शंका आली.

शंका खरी ठरली. ताप उतरला आणि थोरली पुन्हा नळाशी उभी, गाल फुगवून.

"आई, गीळ ते."

थोरली थुंकली. "संध्याकाळी पिते ना घरी."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"त्यांच्या दवाखान्यात मागे संडास आहे. त्यांना सांगायला काय जातंय?" टोपली डोक्यावर घेता घेता ती म्हणाली, "तू मेंबर ना? मग कर की काहीतरी. का नुसती फोटो काढून घ्यायला गेलीस तिथे?"

ताईला ते झोंबलं. त्याच दिवशी ती ठरावाचा कागद घेऊन बसली आणि एका शब्दापाशी अडली. घरात तो शब्द दिवसातून दहा वेळा तोंडात यायचा. पण सभेत तिचे शाळेतले मास्तर होते, हार्डवेअरवाले काका होते, ज्यांच्या विजारींची कंबर ती दरवर्षी सैल करून द्यायची. त्या सगळ्यांसमोर मुतारी म्हणायचं? तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी कागदावर उरलं ते असं: बाजारातील महिलांची सोय करणेबाबत. वाचायला किती छान वाटत होतं!

सभेत तिचा विषय सगळ्यात शेवटी आला. लोकांना घरी जायची घाई झालेली. ताई उभी राहिली. "बाजारात आमच्या बायका दिवसभर बसतात. म्हणजे… पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांची काहीतरी… सोय व्हायला हवी."

मास्तर टेबलावरचा पेपरवेट निरखू लागले. हार्डवेअरवाले खोकले. अध्यक्षांचे डोळे मात्र पाणावले.

"बसा ताई. मला कळलं," ते म्हणाले. अध्यक्ष तसे कोरडे गृहस्थ, पण आईचा विषय निघाला की विरघळायचे. त्यांची आई याच बाजारात टोपली घेऊन बसायची, हे सगळ्यांना माहीत होतं. "शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचो. तिचे ओठ फुटलेले असायचे. माझी आई या बाजारात पाण्याच्या घोटासाठी तरसून गेली हो. आणखी कुणाच्या आईवर ही वेळ यायला नको. ठराव मंजूर."

सगळ्यांनी बाकं वाजवली. ताईनेही वाजवली. न बोलता माणसाला कसं सगळं कळलं, याचं तिला नवल वाटत राहिलं. घरी जाऊन तिने आईला सांगितलं, "झालं तुझं काम!" साप्ताहिकाच्या संपादकांनी तिचा फोटो छापला आणि वर मोठा मथळा दिला, बाजारातील महिलांची सोय होणार.

बाजाराच्या कोपऱ्यात खोदकाम सुरू झालं. नळ्या आल्या, पांढऱ्या फरशा आल्या. बायका टोपल्यांवरून माना उंच करकरून बघायच्या आणि एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. ताई रोज दुकान उघडायच्या आधी तिकडून चक्कर मारायची. एका सकाळी पाहते तर गवंडी भिंतीवर ओळीने नळ बसवत होता, चांगले छातीएवढ्या उंचीवर.

"एवढे वर कशाला?" तिने विचारलं.

"मग ताई, लोकांनी काय पालथं पडून पाणी प्यायचं?"

ताई जागच्या जागी उभी राहिली. पाण्याची टाकी. चार नळ. साखळीला बांधायचे ग्लास. दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायकांसाठी पालिकेने पाणपोई बांधायला घेतली होती.

ती तशीच अध्यक्षांच्या दालनात गेली. सांगून टाकायचं असं जिना चढताना तिने घोकलं होतं. पण अध्यक्षांनी तिला बोलूच दिलं नाही, टेबलावरचं फडकं बाजूला केलं. खाली संगमरवराची पाटी होती, त्यांच्या आईच्या नावाची. "अक्षरं बघा ताई, कशी सुबक आलीत." पाटीवरून ते हात फिरवत होते. ताईच्या ओठांवर आलेला शब्द परत फिरला. "छान आहे," असं म्हणून ती जिना उतरून आली आणि त्या दिवशी तिने तीन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लावल्या.

थोरलीला कळलं तेव्हा ती आधी खो खो हसली. मग पोट दाबून हसणं थांबवावं लागलं, कारण मनमोकळं हसणंही तिला आताशा परवडत नव्हतं. जळजळ पुन्हा सुरू झाली होती. रोज सकाळी न्हाणीघरातून तिचं कण्हणं ऐकू यायचं.

"एवढी शिकलीस, मेंबर झालीस," थोरली म्हणाली, "आणि एक शब्द तुझ्याच्याने बोलवेना?"

ताईला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त त्या सुरेख शब्दाचा संताप येत होता. सोय म्हणे!

उद्घाटनाला मांडव घातला, कर्णा लावला. फीत कापून झाली. अध्यक्ष म्हणाले की पहिला ग्लास बाजारातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी प्यावा, त्या माझ्या आईच्या शेजारी बसायच्या. थोरलीला पुढे आणलं. तापाने तिचे डोळे तांबारले होते. शिपाईकाकांनी तबकातून काठोकाठ भरलेला ग्लास समोर धरला. संपादकांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

थोरलीने ग्लास हातात घेतला. त्यातल्या पाण्याकडे पाहिलं. आणि परत तबकात ठेवला.

"नको," ती म्हणाली.

"का हो मावशी?" अध्यक्षांनी विचारलं. "गार आहे, गाळलेलं आहे."

"पिऊन जाऊ कुठे?"

माईक जवळच होता. तिचं बोलणं कर्ण्यातून बाजारभर घुमलं. अध्यक्ष गोंधळले. "कुठे जायचंय तुम्हाला? सांगा ना, गाडी देतो."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. टोपल्यांमागच्या बायका हसल्या नाहीत.

थोरलीने अध्यक्षांकडे पाहिलं, लहानपणी त्यांना हातावर लिंबू ठेवून द्यायची तशा मायेने. "अरे बाळा, तुझ्या आईच्या टोपलीत भरलेली बाटली असायची रे. हात घातला असतास तर सापडली असती. पाणी नव्हतं म्हणून तिचे ओठ फुटत नव्हते. ती पीतच नव्हती. प्यायली तर उठून जायचं कुठे? मी नाही पीत, ही नाही पीत, ती पलीकडची पोटुशी आहे, तीही नाही पीत. तू आता मोठा झालास म्हणून विचारते. तुझी आई शेवटी कशाने गेली?"

अध्यक्षांचा हात अजून कात्रीवर होता. "मूत्रपिंडं," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की माईक नसता तर कुणाला ऐकूही आलं नसतं.

ताईला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. ती पुढे आली आणि तिने माईक हातात घेतला. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी सोय असं लिहिलं. मला मुतारी म्हणायचं होतं. बायकांसाठी मुतारी. दार असलेली, कडी असलेली, आत पाणी असलेली."

"ताई, जरा शब्द…" हार्डवेअरवाले पुढे झुकून कुजबुजले. "समोर बायामाणसं बसलीत."

"त्यांच्यासाठीच बोलतेय काका."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "बरोबर आहे. पुढच्या सभेत विषय घेऊ."

"पुढची सभा कधी?" थोरलीने विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"तोवर धरू?"

बाजाराला लागूनच पालिकेची इमारत होती, आणि वर, सभागृहाच्या मागे, फक्त सदस्यांसाठी असलेलं स्वच्छतागृह. त्याला कुलूप असायचं. किल्ली शिपाईकाकांच्या कमरेला. ताई त्यांच्याकडे वळली आणि तिने हात पुढे केला. शिपाईकाकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी त्या नव्या पाटीकडे पाहिलं. मग स्वतःच शिपायाच्या कमरेची किल्ली सोडवून ताईच्या हातावर ठेवली.

"मुतारी बांधून होईपर्यंत ते दार उघडं राहील," ते म्हणाले. पहिल्यांदा शब्द उच्चारताना अडखळले. दुसऱ्यांदा तो माईकवरून नीट म्हणाले.

थोरली पुढे, तिच्यामागे ती पोटुशी, तिच्यामागे साऱ्याजणी. आयुष्यभर ज्या जिन्याच्या पायरीवर बसायला त्यांना मज्जाव होता, त्या जिन्यावर रांग लागली. मास्तर वरून खाली येत होते, ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि बायकांना वाट दिली. रांगेत चेष्टा सुरू झाल्या, "लवकर आटप गं, आत काय संसार मांडलास का?" या बाजारात दुपारच्या वेळी बायका अशा हसताना ताईने आजवर ऐकल्या नव्हत्या.

संपादक वही घेऊन तिच्यापाशी आले. "काय लिहू ताई? महिलांची गैरसोय दूर?"

"मुतारी लिहा."

"मथळ्यात?"

"मथळ्यातच. आणि मोठ्या अक्षरात."

त्यांनी तसं छापलं. काही घरांतून ते पान लेकीसुनांच्या नजरेआड दुमडून ठेवलं गेलं, असं नंतर कानावर आलं. त्याच घरांतून भाजी आणायला त्याच बाजारात पिशव्या जात होत्या. आपली भाजी तोलून देणारी बाई सकाळपासून प्यायली आहे का, हे त्यांतल्या किती जणांनी कधी विचारलं असेल? तुम्ही विचारलं आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली टोपली भरून नळाशी गेली. ताई दारात उभी होती. गळ्यातल्या टेपच्या टोकाला तिने ती किल्ली बांधली होती.

"आज परत कुलूप घातलं असलं तर?" थोरलीने विचारलं.

"किल्ली माझ्याकडेच आहे. आणि दुसरं कुलूप लावलं, तर कुलपासकट दार खाली आणते."

थोरलीने ओंजळीत पाणी धरलं, तोंडात घेतलं. सवयीने गालांत खुळखुळवलं, सवयीनेच गटारीकडे वाकली. तशीच थांबली. गाल फुगवून तिने लेकीकडे पाहिलं, थोडी घाबरल्यासारखी.

मग तिने ते पाणी गिळलं.