दारातून उचललेली पायरी

"आईचा हातच पोचणार नाही, तर ते नाव कोणासाठी कोरलं?" धाकट्याने पाथरवटाला विचारलं, गावातल्या मोठ्यांना विचारलं.

मी पायरी बोलतेय. आज या डोंगरगावातल्या युद्धस्मारकाच्या बागेत असले, तरी माझं आयुष्य गेलं एका घराच्या दारात. घरातला थोरला माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधायचा. त्याची टाच घासून घासून मला खळगा पडला. एका सकाळी नाड्या बांधून तो लढाईवर गेला. परत आलं ते नुसतं नाव, काळ्या शिळेवर, सगळ्यात वर. जो आधी पडला त्याचं नाव आधी, असा इथला रिवाज.

आईला दिसत नाही. ती रोज शिळेशी यायची, हाताला लागतील ती खालची नावं चाचपायची आणि लोकांच्या लेकरांना गोंजारून परत जायची. धाकट्याला ते बघवेना. शाळेत तो जेमतेम टिकलेला, डोक्याने गरम. पण मन केवढं! त्याने पहार घालून मला उपटलं आणि पाठीवर घेऊन चढ चढला. धापा टाकत, रडत, मलाच शिव्या देत.

बागेचा रखवालदार आडवा आला. "घरचे दगड इथे मांडायचे नाहीत, बाबा."

"मग रोज आईला उचलून तुम्ही धरणार का?"

रखवालदाराने डोकं खाजवलं आणि माझं दुसरं टोक धरलं.

संध्याकाळी म्हणे आई दारात अडखळली. "मेल्या, पायरी कुठे गेली? घरात शिरू कशी?"

"इथे हात द्यायला मी आहे की. तिथे तुला पायरी लागते."

दुसऱ्या दिवशी ती माझ्यावर चढली. बोटांना नाव सापडलं. "किती गार पडलास रे," एवढंच म्हणाली. धाकट्याने तोंड फिरवलं, तेवढ्यात तिचा पाय सटकला. इतक्या वर्षांच्या पावलांनी मी गुळगुळीत झालेली. त्याने तिला वरच्या वर झेललं.

तुम्ही बाग बघायला आलात, तर माझ्यावर बसून खुशाल फोटो काढा. आई आली की मात्र उठा.

त्या दिवशी आईला घरी पोचवून धाकटा छिन्नी-हातोडा घेऊन परतला. जात्याला लावतात तशी त्याने मला टाकी लावली, आईचा पाय धरेल इतकी खरखरीत केली. थोरल्याच्या टाचेचा खळगा तेवढा त्याने तसाच ठेवला.