माघारी

"म्हणजे बघा मामी, मामांच्या माघारी हीच रक्कम तुम्हाला चालू राहणार. आयुष्यभर," स्वप्नील म्हणाला आणि बशीतला चहा त्याने एका घोटात संपवला.

कोकिळाबाई उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होत्या. स्वप्नील त्यांच्या नणंदेचा मुलगा. जळगावला विम्याचं आणि पेन्शनचं काम करायचा. मामा शिरपूरच्या सूतगिरणीतून शनिवारी रिटायर झाले, म्हणून रविवारी सकाळीच तो भडगावला येऊन थडकला होता. फंडाचे पैसे कुठे गुंतवायचे ते बिचारा मन लावून समजावत होता. एक प्रकार असा, की मामा आहेत तोवर पेन्शन जास्त, पुढे काही नाही. दुसरा असा, की आता जरा कमी, पण मामांच्या माघारी मामींना तेवढीच. त्याच्या बोलण्यात मामा इतक्या वेळा वारले, की समोर बाजेवर बसलेले पितांबर स्वतःच हसायला लागले.

"दुसराच कर," ते म्हणाले. "हिले कमी पडाले नको."

"आणि तसंही आता टेन्शन नाही मामी. गिरणीनं मामांना आणखी दोन वर्षं ठेक्यावर ठेवून घेतलंय. तो पगार वेगळाच."

कोकिळाबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पितांबरांनी भाच्याकडे असं पाहिलं, की तो रिकाम्या बशीत चहा शोधू लागला. मग बायकोकडे न बघताच ते म्हणाले, "मी सांगनारच व्हतू. दोन वरीसनी तर गोठ शे. साहेबनी इचारं, मी हो म्हनी उनू. हाई बठ्ठं तुनाकरताच ना."

सगळं तिच्याकरता. हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच त्याच्यावर काही बोलता येत नव्हतं. लग्न झालं तेव्हा पितांबर गिरणीत नुकतेच फिटर म्हणून लागले होते. एका खोलीत चौघं राहायचे, तिथे बायकोला कुठे नेणार? पुढे सासूबाईंनी अंथरूण धरलं. मग मुलाची, भूषणची शाळा आली. एक कारण संपलं की दुसरं दारात उभं. शनिवारी धुळ्याला गाडी बदलून पितांबर घरी यायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जायचे. गल्लीतल्या बायका त्यांना रविवारचा पाहुणा म्हणून चिडवायच्या. खोटं काय होतं त्यात? कोकिळाबाई त्यांना पाहुण्यासारखंच जेवू घालायच्या. भरीत, शेवभाजी, एखाद्या वेळी मांडेसुद्धा. त्या एरवी काय खातात, दुपारी कुठे पडतात, एकट्या असल्या की रेडिओ लावतात की नाही, यातलं नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

आता भूषण नोकरीला लागून पुण्याला होता, सासूबाई केव्हाच गेल्या होत्या. उद्याचा सोमवार कोकिळाबाईंनी किती दिवस मनात घोळवला होता. उद्या त्या काहीच खास करणार नव्हत्या. साधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकायची, दोघांनी खायची, दुपारी दोघांनी लोळायचं, मग चहा. एवढंच. एवढ्याशा गोष्टीची कुणी वाट बघत असेल, हे सांगायलासुद्धा लाज वाटावी.

"मामी, सिक्युरिटीच्या दृष्टीनं बघाल तर दोन वर्षांत बराच फरक पडतो," स्वप्नीलने गाडी पुन्हा रुळावर आणली. "मामांच्या माघारी..."

"माघारीनं नको सांगू, भाऊ," कोकिळाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण पितांबर बाजेवर सरळ होऊन बसले. "तुना मामाना माघारीच मी बठ्ठी उमर काढी. त्या आठे शेतस, तव्हय काय भेटी ते सांग."

मामा इथे असताना मामींना काय मिळतं, याचं कोष्टक स्वप्नीलजवळ नव्हतं. थोड्या वेळाने त्याला पाचोऱ्याचं काम आठवलं आणि तो उठून गेला.

मेथी निवडून झाली, धुऊन झाली. कोकिळाबाईंना राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि कुणावर रागवावं हे कळत नव्हतं. समोरच्या ओट्यावर मोहिनीबाई बसल्या होत्या. त्यांचे मास्तर रिटायर झाले त्याच वर्षी गेले. पेन्शन दर महिन्याला न चुकता येते. मोहिनीबाई ती बँकेतून आणतात आणि ओट्यावर येऊन बसतात.

जेवताना पितांबरच म्हणाले, "साहेबले नही सांगू का मंग? पन जबान दिधी शे."

"जबान दिधी तर जा. मी बी येसू तुमनासंगे."

"आठे घर कोन पाही?"

"कुलूप पाही."

"एकच खोली शे तठे, भूषणनी माय. तुले तरास व्हई."

"इतली वरीस माले तरास नही व्हयना का?"

जेवण उरकून पितांबर उठले. बायकोच्या कपड्यांसाठी दुसरी पिशवी त्यांनी स्वतःच काढून ठेवली.

सोमवारी निघताना दोघांनी मोहिनीबाईंकडे किल्ली दिली. गाडी भडगावबाहेर पडेपर्यंत कोकिळाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. ते घर त्यांनी पै-पै जमवून बांधलं होतं. दोघांनी म्हातारपणी बसायला म्हणून ओसरी मुद्दाम रुंद ठेवली होती. वळून पाहिलं असतं तर उतरावं लागलं असतं.

शिरपूरची खोली गिरणीच्या मागच्या चाळीत होती. आत एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट, एक पेला. खिळ्याला गिरणीचा खाकी शर्ट. कोकिळाबाई सगळीकडे बघत उभ्या राहिल्या. संसार मांडायचं कुणाला सुचलंच नव्हतं इथे. त्यांना वाटत आलं होतं की एकटेपण आपल्याच वाट्याला आलं. पितांबर ओशाळले. एकुलतं ताट त्यांनी दोनदा विसळलं आणि बायकोसमोर ठेवलं.

"तू जेव पहिले. मी मागून."

"बसा," त्या म्हणाल्या. ताट त्यांनी मधे सरकवलं. दोघं एका ताटात जेवले. लग्नातल्या घासानंतर असं कधी झालं नव्हतं.

जेवण झाल्यावर पितांबरांनी खाकी शर्ट चढवला. दुपारपासून हजर व्हायचं होतं. ते दारात चपला घालत असताना कोकिळाबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कव्हय येशात?"

आणि त्या स्वतःच दचकल्या. निघताना दर वेळी हाच प्रश्न असायचा, आणि त्याच्या उत्तरात नेहमी एक अख्खा आठवडा असायचा. पितांबरही थांबले.

"सांजले," ते म्हणाले.

मग ते गेले. कोकिळाबाई दारातच टेकल्या. गिरणीच्या भिंतीवर ऊन रणरणत होतं, संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता.