त्या वेळी मी बंदच होतो

मी एक जुना दरवाजा आहे, औषधांच्या थंड खोलीचा. मित्रांनो, माझ्या जाडीवर जाऊ नका. बाहेरून पत्रा, कडेने रबर, आणि आत ठासून भरलेला संशय. ज्याचं कामच कुणाला सहज आत न सोडणं, तो दुसरं काय करणार?

कारखान्यात मला घडवलं, तेव्हा मिस्त्रीने माझ्या फटीत कागद सरकवून पाहिला. तो सरकला नाही. "पक्का गडी आहे," मिस्त्री म्हणाला. तेवढीच काय ती माझी शाबासकी.

मग मी या गोदामात आलो. सकाळी माझी राखण वहिनी करते. सगळे तिला वहिनीच म्हणतात. दुपारी दोनपासून तिची नणंद येते. वहिनी कडी हळू ओढते, नणंद सरळ खांदा लावते. पाळी बदलताना दोघी समोरच्या बाकावर एका डब्यात जेवत आणि साहेबांच्या चालीची नक्कल करून खिदळत.

पुढे माझ्या चौकटीवर एक चिमुकली पट्टी बसवली. मी उघडलो की कोपऱ्यातला कॉम्प्युटर वेळ टिपणार, फार वेळ उघडा राहिलो की ओळ लाल होणार. नोंद तुटू नये म्हणून त्याला कधीच बंद करायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. माझ्यावर पाळत! तो कॉम्प्युटर मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

वर्षभराने साहेब कागद नाचवत आले.

"हल्ली रोज पावणेदोनला दार सताड उघडं! ही तुमची पाळी, वहिनी. औषधं खराब झाली तर?"

"साहेब, त्या वेळी मी दाराला हातही लावत नाही."

"मग काय, दार आपोआप उघडतं? कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. खुलासा द्या, नाहीतर घरी बसा."

मी बंदच होतो, मित्रांनो! पण दाराला कोण विचारतो? हळूहळू मलाच शंका येऊ लागली. माझं रबर तर सैल झालं नाही ना? मला साहेबांचा संशय आला, कोपऱ्यातल्या झाडूचासुद्धा आला. सगळ्यात वाईट म्हणजे नणंदेला वहिनीचा संशय आला. दोघी वेगवेगळे डबे उघडू लागल्या, तेही एकमेकींकडे पाठ करून. ते पाहून मला फार वाईट वाटे.

शेवटी कॉम्प्युटर तपासायला दुरुस्तीवाली बाई आली. तिने पट्टी पाहिली, वायर हलवली, माझं रबर चाचपलं. सगळं ठीक होतं.

"माल कधी येतो?" तिने विचारलं.

"अडीचला. तेव्हा दार बराच वेळ उघडं ठेवावंच लागतं," नणंद म्हणाली आणि सहज पडद्यावर वाकली. "अगं बाई! इथे तर अडीचला दार उघडलेलंच नाही. या महिन्यात एकही दिवस नाही. मग माल काय मी भिंतीतून आत नेते?"

साहेब पडद्याजवळ आले. ते फक्त लाल ओळी बघत. ओळ कुठे नाही, हे बघायचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुरुस्तीवालीने मला उघडलं आणि नोंदीशेजारी आपला मोबाइल धरला. कॉम्प्युटर पाऊण तास मागे होता!

"रोज थोडा थोडा मागे पडत गेला," ती म्हणाली. "वर्षभर ना बंद केलात, ना वेळ जुळवलीत. अडीचची ओळ सरकत सरकत पावणेदोनवर आली."

म्हणजे लाल ओळ नणंदेची होती, आणि तीही कामाचीच. नणंदेचे डोळे भरून आले. "वहिनी, तुझ्यापेक्षा मी या यंत्रावर विश्वास ठेवला गं." वहिनीने बाकावर सरकून जागा तेवढी केली.

मित्रांनो, आता साहेब रोज सकाळी स्वतः वेळ जुळवतात. तुमच्याकडचं यंत्र कितीही हुशार असलं तरी त्याची वेळ अधूनमधून पाहत जा. आणि कुणाकडे बोट दाखवण्याआधी त्याचं म्हणणं एकदा ऐकून घ्या.

दोघी पुन्हा एका डब्यात जेवतात. पण पाळी संपली की वहिनी माझी कडी दोनदा ओढून पाहते आणि नणंदेला म्हणते, "नीट बघून घे, दार बंद आहे ना?" नणंद नुसती मान हलवते. तिला वर बघवत नाही.