चिकाआडचा सवाल

मी चिकाचा पडदा बोलतोय. परळच्या रामू बुरडाने बांबूच्या काड्या ओवून मला विणलं, तेव्हा वाटलं होतं, कुठल्यातरी साहेबाच्या व्हरांड्यात वारा खात लटकेन. नशिबात डोंगरी होती. दाऊद मुकादमांनी मला बैठकीच्या दारावर टांगलं. पुढे पुरुष, मागे बायका, मध्ये मी.

दाऊदचा धाकटा भाऊ आगबोटीवर खलाशी होता. एडनहून तार आली, बोट बुडाली. त्याची बायको हलिमा ऐन पंचविशीत एकटी पडली. काही वर्षांनी शेजारच्या यूसुफ तांडेलाने तिला मागणी घातली. बायको वारलेला, सरळ माणूस. हलिमाला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

पण ती विधवा आहे, हे ठरायला हवं होतं. दाऊदने दोन मौलवींना बोलावून विचारलं, "तारेने आलेली मरणाची खबर शरियतमध्ये चालते का?"

झालं, जुंपली. तरुण मौलवी इसहाक म्हणाले, "अख्खं बंदर तारेवर चालतं. लाखांचे सौदे होतात."

थोरले मौलवी म्हणाले, "सौदा फिसकटला तर दुसरा करता येतो. उद्या हिचा नवरा दारात उभा राहिला, तर हिने जायचं कुठे? मरण डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आणा."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांना तिचीच काळजी होती.

हलिमाने माझ्या काडीवर नख ओढलं. दिराला बोलवायची ती तिची खूण. दाऊद जवळ आला.

"भावजी, तारेचं राहू द्या. बेपत्ता माणसाच्या बायकोने किती थांबायचं, ते विचारा."

"गप बस. बेपत्ता म्हटलं तर लोक म्हणतील, पळून गेला," असं म्हणून तो परत जाऊन बसला.

तारेची खबर चालत नाही, असा निवाडा झाला. यूसुफने बरीच वाट पाहिली, मग रत्नागिरीकडची मुलगी केली.

प्लेगच्या साली दोघे मौलवी पुन्हा आले. बोलता बोलता थोरले म्हणाले, "शरियतच्या दुसऱ्या एका इमामांच्या मताने, नवरा बेपत्ता धरून चार वर्षांनी त्या बाईची सुटका करता आली असती. पण तसा सवालच आला नाही. विचारलं तेवढ्याचाच जवाब द्यायचा, ही आमची रीत."

"मग आता द्या," इसहाक म्हणाले.

हलिमा पानाचं तबक घेऊन माझ्यामागे उभी होती. पुरुषांना ऐकू जाईल असं ती कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"आता राहू द्या, मौलवीसाहेब. यूसुफची बायको दुसऱ्यांदा बाळंत झालीय. तिच्या घरात सवत म्हणून मी नाही जायची."

थोरले मौलवी पान न घेताच उठले.

आता माझे दोरे सैल झालेत, मला स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलंय. हलिमाचे केस पिकू लागलेत. काम करता करता तिचं नख अजून त्याच काडीवर फिरतं.

तुमच्या घरी माझ्यासारखा पडदा असेल, तर निवाड्याआधी त्याच्यामागे बसलेलीला विचारा, बाई, तुझा सवाल काय. हलिमाचा सवाल मी नीट ऐकला होता. तेव्हा मला वाचा नव्हती, याचं फार वाईट वाटतं.