तिसरी शिष्यवृत्ती

रुमालाची गाठ तिची नव्हती. जुने मोडी कागद बांधायच्या त्या तांबड्या फडक्याला नीला नेहमी सरकगाठ मारायची, एका हातानं सुटेल अशी — दुसऱ्या हातावर पोर असायची ना — आणि आज तिथं कुणीतरी चांगली आवळून गाठ मारून ठेवली होती. तिनं ती दातांनी सोडवली. सगळ्या नकला होत्या. वर ठेवलेला मामंजींचा लेख तेवढा नव्हता.

म्हणजे मामंजींनी…

नको, असं एकदम मनात आणू नये. तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. आज चार वाजता कॉलेजात त्यांचा निरोपसमारंभ, त्यांच्या नावानं शिष्यवृत्तीचा फंड जाहीर व्हायचा. सासऱ्यांवर संशय घ्यायचा दिवस का हा? पण फंडातला मोठा वाटा निपाणीकडच्या इनामदारांचा, आणि लेख त्यांच्याच सनदेवर. गेल्या वर्षी त्यांनीच मोठ्या तोऱ्यात कागदांची पेटी आणून दिली होती — 'सर, आमच्या घराण्याचा इतिहास लिहा' — आणि मोडीवरून बाळबोधीत नक्कल करता करता नीलाच थबकली होती: शिक्का ज्या पेशव्याचा, त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली सनदेच्या तारखेनंतर दोन वर्षांनी! मामंजी केवढे हसले होते. "सून कसली, दप्तरदार आहे माझी." बनावट सनद. तिच्याच जोरावर इनामदार बोरगावच्या बाजूची अकरा घरं जमिनीवरून उठवायला निघालेले, कोर्टात तारीख लागलेली. लेख छापून आला असता तर… असता? 'आला तर' का नाही म्हटलं मी?

मग गेल्या गुरुवारी इनामदार पुन्हा आले. दाराआड पोरीला पाजत बसलेल्या तिला सगळं ऐकू येत होतं. सनदेचं नावसुद्धा नाही, नुसता फंड. "दोन मुलांना, सर. आणि तिसरी — तुमची इच्छा होती ना — एका मुलीला." मामंजींनी पानाचं तबक पुढं सरकवल्याचा तेवढा आवाज आला. तो होकार होता का?

"वैनी, काय हुडकतायसा?" राजाबाई दारात उभी. भांडी घासायची ती या घरची. माहेर मात्र त्या अकरा घरांतलं.

"काही नाही गं."

"आमचा भाऊ आलता काल. म्हनला, मास्तरांचं छापून आलं की वकील कोर्टात दावनार. आनि आज हार इनामदारच घालनार म्हनं?" ती हसली. "बोकडालाबी आदी हारच घालत्यात, वैनी."

नीलाला हसू आलं नाही.

तेवढ्यात मामंजी उपरणं सारखं करत बाहेर आले. पोरीला खांद्यावर घेत, आवाज जमेल तितका साधा ठेवून तिनं विचारलं, "मामंजी, रुमाल तुम्ही सोडला होता?"

"हो. लेख टपालात टाकायचा म्हणून." चष्म्यावरून ते तिच्याकडे बघत राहिले, वर्गात एखाद्याचं उत्तर ऐकून बघावं तसे. "नव्हता त्यात. तू… तू नाही ना ठेवलास कुठं?"

"मी?"

"गुरुवारी इनामदार गेल्यावर तू मला दोनदा विचारलंस, 'मुलीलासुद्धा?' म्हणून म्हटलं. रागावू नकोस."

टांगा आला, ते गेले. खरं बोलले, की स्वतःच करून वर उलट्या बोंबा… शी, वडील माणसाबद्दल काय हे! लेख तिनं हलवला नव्हता, देवाशपथ नव्हता. पण फडकं उलगडल्यावर वरची जागा रिकामी दिसली, तेव्हा छातीत झालं ते नुसतं धस्स होतं? त्याच्या मागोमाग, अगदी पावलावर पाऊल टाकून, काहीतरी सुटल्यासारखं, हलकं… मॅट्रिकनंतर तिची पुस्तकं लग्नात माळ्यावर गेली ती गेलीच. आणि मांडीवरची ही सतरा वर्षांची होईल तेव्हा ती तिसरी शिष्यवृत्ती…

लेख पाठ होता तिला, अवतरणांसकट. दौत-टाक समोर, नकला समोर. तासाभरात पुन्हा उतरून होईल, राजाबाईच्या हातून टपालपेटीतही पडेल. घर रिकामं, पोर मांडीवर गाढ झोपलेली — असा तास महिन्यातून एकदासुद्धा मिळत नव्हता. नीला थोपटत राहिली. हलले तर उठेल ही, ती मनाशी म्हणाली, उठली की मग कसलं लिहिणं… पोर काही उठेना. आपण तिच्या उठण्याचीच वाट बघत बसलोय, हे ध्यानात आलं तेव्हा तिचा हात थांबला.